खाडीवरचे पक्षी: मोजायचे कसे, लिहायचे कसे, सांगायचे किती

वाशीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या पेशी मोजते आणि सुट्टीच्या सकाळी नेरुळच्या खाडीकाठी पक्षी मोजते. दोन्हीकडे नियम एकच पाळते. जे दिसलं ते लिहायचं, दिसायला हवं होतं ते लिहायचं नाही. पक्षी ओळखायला शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण नोंद कशी करायची ते फारसं कुणी बसून सांगत नाही. म्हणून मी कशी करते ते सांगते.

सुरुवात घड्याळापासून नाही, भरतीपासून करा. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि पक्षी मैलभर लांब पसरतात. दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. भरती चढली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि तेच पक्षी काठाच्या पाणथळींवर येऊन विसावतात. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे, एनआरआय वसाहतीजवळ, डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर ते भरतीपुरते आसऱ्याला असतात. मोजणीची खरी वेळ तीच.

ही वेळ काढायला मला करावे गावातल्या एका आगरी काकांनी शिकवलं. त्यांचं आयुष्य खाडीत जाळं टाकण्यात गेलंय. मी मोबाइलवर भरतीचा तक्ता शोधत होते, तर म्हणाले, "बाय, त्यात काय बघतेस? आज तिथी कोणती ते सांग." तिथीची पाऊणपट करायची, की आपल्याकडच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटेही तीनच्या सुमारास. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीत आत, ऐरोली-ठाण्याकडे, पाणी थोडं उशिरा पोचतं. मिनिटाचा हिशोब हवा असेल तर तक्ता पाहावाच, पण कॅलेंडरकडे नजर टाकून रविवार ठरवायला हे गणित पुरतं.

यातून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्या-पौर्णिमेचं मोठं उधाण आपल्याकडे बाराच्या आसपास येतं आणि तेव्हा ऊन डोक्यावर असतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. ती सकाळी सहाला येते, पण पाणी फार चढत नाही आणि बरेच पक्षी चिखलावरच राहतात. म्हणून द्वादशी-त्रयोदशीची सकाळ मला सगळ्यांत आवडते. नऊ-पावणेदहाला भरती येते आणि पाणीही बऱ्यापैकी चढतं. नवी मुंबईचा काठ खाडीच्या पूर्वेला असल्याने सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो. संध्याकाळी याच जागेवरून नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात आणि मग अंदाजाने नावं पडतात.

बरोबर काय न्यायचं ते थोडक्यात: ८×४२ची दुर्बीण, छोटी वही आणि पेन्सिल. पेनाची शाई दमट हवेत फुटते. भडक कपडे नकोत, पायात बूट हवेत. चिखलात किंवा कांदळवनात उतरायचं नाही. तिथला चिखल गुडघ्यापर्यंत पाय ओढतो, शिवाय आपण उतरलो की विसावलेला थवा उठतो.

आता नोंद. मी ईबर्ड वापरते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने चालवलेलं हे व्यासपीठ २००२ पासून आहे आणि त्याचं ॲप फुकट आहे. पोचल्याबरोबर यादी सुरू करा, घरी येऊन नव्हे. ॲप वेळ आणि चाललेलं अंतर आपोआप मोजतं. एका जागी उभे असाल तर तसं निवडा, चालत असाल तर तसं. दोन-तीन तासांची एकच लांब यादी करण्यापेक्षा तासाभराच्या छोट्या याद्या केलेल्या बऱ्या. एनआरआयची एक, डीपीएस तळ्याची वेगळी. दोन्ही एकत्र केल्या तर कुठला पक्षी कुठल्या पाण्यावर होता हे पुढच्या वर्षी तुम्हालाच सांगता येणार नाही. जागेची खूण नकाशावर आधीपासून असेल तर तीच निवडा, शेजारी स्वतःची नवी करू नका.

यादी संपवताना ॲप एक प्रश्न विचारतं: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? बहुतेक नवे लोक इथे घसरतात. फ्लेमिंगो लिहितात आणि कावळा, साळुंकी, पारवा सोडून देतात. "ते काय, रोजचेच," म्हणतात. पण सगळे लिहिले असतील तरच "नव्हता" हेही नोंदलं जातं. माझ्या यादीत हळदीकुंकू बदक नसेल आणि यादी पूर्ण असेल, तर त्या सकाळी त्या पाण्यावर मला ते दिसलं नाही, असा अर्थ निघतो. अपुऱ्या यादीतून काहीच निघत नाही. रक्ताच्या रिपोर्टवर फक्त वाढलेलेच आकडे छापले आणि बाकीच्या जागा कोऱ्या ठेवल्या तर डॉक्टर काय वाचणार? कावळे मोजा. चिमण्या मोजा. चिमणी कमी झाली असं सगळे म्हणतात, पण आपल्या सेक्टरचे दहा वर्षांपूर्वीचे आकडे सहसा कुणाकडे नसतात.

आकडा लिहा. ॲपमध्ये आकड्याऐवजी फुलीही चालते, पण फुली म्हणजे "होता" एवढंच. मोठ्या थव्यासाठी माझी पद्धत लॅबमधलीच आहे. हातात टकटक करणारं मोजणीयंत्र ठेवते, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. थव्यातले पहिले पन्नास एकेक करून मोजते. ते पन्नास दुर्बिणीच्या गोलात किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवते. मग तेवढे तेवढे गोल डावीकडून उजवीकडे सरकवत जाते, प्रत्येक गोलाला एक टक. अडचण अशी की थवा कधीच सारखा पसरलेला नसतो. कडेला पक्षी सुटे उभे असतात, मध्ये पाठीला पाठ लागलेली असते आणि मागचे पुढच्यांच्या पायांआड जातात. म्हणून पन्नासचं माप एकदा विरळ जागी आणि एकदा दाट जागी घेते. पूर्ण मोजणी दोनदा करते, दुसऱ्यांदा उलट्या बाजूने. एकदा १२५० आणि एकदा १४०० आले तर १३०० लिहिते आणि टिपेत "अंदाजे, दोन मोजण्या" असं टाकते. "हजारो" लिहीत नाही. थवा उडाला तर फोटो काढून घरी पडद्यावर ठिपके मोजते.

फ्लेमिंगोंत, म्हणजे मराठीतल्या रोहितांत, दोन जाती एकत्र असतात. लहान रोहिताची चोच गडद, लांबून काळीच वाटणारी असते आणि अंग जास्त गुलाबी. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी, फक्त टोक काळं, मान लांब आणि अंग बरंच पांढरट. सगळ्यांची जात बघत बसणं शक्य नसतं. वेगवेगळ्या ठिकाणचे शंभर-शंभर पक्षी पाच वेळा बघून मोठे किती पडतात ते काढते आणि त्या प्रमाणात एकूण आकडा वाटते. पायात रंगीत कडी किंवा अक्षरं असलेली पट्टी दिसली तर बाकी सगळं थांबवा. रंग, कोणता पाय, अक्षरं आणि वेळ लिहून घ्या, फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. संस्था १८८३ची, आणि पक्ष्यांना कडी घालण्याचं काम ती वर्षानुवर्षं करते आहे. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंना त्यांनी उपग्रहाशी जोडलेले टॅगही लावले आहेत.

ओळख पटली नाही तर तसं लिहा. शेकाट्या त्याच्या लांब गुलाबी पायांवरून नवशिक्यालाही कळतो. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे, हेही एकदा पाहिलं की विसरत नाही. पण हिवाळ्यात चिखलावर धावणारे करडे-तपकिरी तुतवार आणि चिखले मला अजूनही फसवतात. ॲपमध्ये "तुतवारांपैकी कुणीतरी" अशा गटाची नोंद करता येते. ती करायला कमीपणा वाटू देऊ नका. लॅबमध्ये नमुना खराब आला तर आम्ही आकडा रचत नाही, "पुन्हा घ्या" असं लिहितो.

शेवटी टिपेत एक ओळ घाला: भरती की ओहोटी, आणि पाणी किती होतं. डिसेंबरची यादी भरतीची आणि जानेवारीची ओहोटीची असेल, तर तुम्ही पक्षी नाही, पाणी ताडून पाहता आहात. तळ्यात भरतीचं पाणी येणं थांबलं, शेवाळ धरलं, भराव पडला, तर तेही तारखेसह आणि फोटोसह लिहा. ठाणे खाडीचं १६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. पण भरतीला पक्षी जिथे येऊन बसतात त्या काठाच्या पाणथळी अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. इथे पक्षी येतातच कुठे, असं कुणी विचारलं की तारीखवार आकडेच पुढे ठेवता येतात.

वेगळा पक्षी किंवा फार मोठा आकडा टाकलात तर ईबर्डचा स्थानिक परीक्षक विचारणा करतो. मला पहिली विचारणा आली तेव्हा फार लागलं होतं. आता कळतं, रिपोर्टवर दुसरी सही असते तसं ते आहे. काय पाहिलं, किती अंतरावरून, उजेड कसा होता, एवढं शांतपणे कळवायचं.

आणि आता सांगण्याबद्दल. एका एप्रिलमध्ये बांधालगतच्या खडीत मला टिटवीचं घरटं सापडलं. घरटं कसलं, तळहाताएवढा खोलगट भाग. त्यात चार अंडी, मातकट, काळ्या डागांची, निमुळती टोकं आत वळवलेली. दोन पावलं मागे सरले तर खडीत पुन्हा सापडेनात. उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येत होती आणि अंड्यांवर बसत होती. मी आनंदाच्या भरात फोटो आणि नेमकी जागा एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. रविवारी गेले तर नऊ माणसं तिथे कॅमेरे लावून उभी, दहा फुटांवर. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, आणि अंडी पाऊण तास उघडी, एप्रिलच्या उन्हात. लोकांना मागे सारलं तरी तिसऱ्या दिवशी त्या खळग्यात फक्त टरफलाचे दोन तुकडे होते. कुणी नेली ते कळलं नाही. जागा मी दिली होती, हे मात्र मला पक्कं माहीत आहे.

तेव्हापासून घरट्याची आणि घुबड दिवसा बसतं त्या झाडाची जागा मी कुणालाच सांगत नाही. हंगाम संपल्यावर सांगते, तेही "नेरुळ" एवढंच. ईबर्ड काही नाजूक जातींची जागा आपणहून झाकतं, पण टिटवी त्यात नसते. तिची यादी आपणच मागाहून पाठवायची. बाकी सगळं मोकळ्या हाताने वाटा. बरोबर कुणी असेल तर तीच यादी त्यांच्या खात्यावर पाठवता येते, मग एकच थवा दोनदा मोजला जात नाही. महिन्याची यादी मी आमच्या सोसायटीच्या फलकावर मराठीत लावते: खंड्या, वंचक, पाणकावळा, घार, आकड्यांसकट. आता वॉचमन दादा रात्रपाळी संपवून जाताना मला थांबवतात, "ताई, आज पहाटे टाकीवर शिक्रा होता," आणि वेळही सांगतात.

एकटीने सुरुवात करणं जड वाटत असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्याला सालिम अलींचा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तेव्हा अनुभवी मंडळींबरोबर उभं राहता येतं.

परवाच्या रविवारी त्रयोदशी आहे. तेराची पाऊणपट पावणेदहा. मी पावणेनऊला चाणक्यच्या मागच्या बांधावर असेन, जास्तीची पेन्सिल घेऊन.