‘मिस्टर पांग्लिमा’ नावाचा माणूस नसतो: मलय मानपदं ओळखायची आणि लिहायची कशी

क्वालालंपूरमध्ये निमंत्रणपत्रिका, आसनव्यवस्था आणि टेबलावरची नावांची कार्डं हे माझं रोजचं काम. पाहुण्यांची यादी हातात आली की मी आधी नावं वाचतच नाही, नावांच्या पुढे काय काय जोडलंय ते बघते. भारतातून नुकती आलेली आपली मुलं तीच यादी एक्सेलमध्ये घेतात, पहिला शब्द ‘नाव’च्या रकान्यात, शेवटचा ‘आडनाव’च्या रकान्यात टाकतात आणि अकारविल्हे लावून मोकळी होतात. मग सगळे ‘दातुक’ (हा किताब आहे, नाव नव्हे) एका टेबलावर जमतात आणि ‘मिस्टर पांग्लिमा’ नावाचा एक गृहस्थ जन्माला येतो.

त्यांचाही दोष नाही म्हणा. आपल्याकडे सरनोबत, फडणीस, चिटणीस ही दरबारी पदं कधीच आडनावं होऊन बसली. मलय लोकांत तशी आडनावंच नसतात. अहमद बिन इस्माईल म्हणजे इस्माईलचा मुलगा अहमद, आणि हाक मारायची ती अहमद. त्यामुळे पांग्लिमा हा शब्द दिसला की ती जागा आडनावाची नाही, एवढं आधी पक्कं करा. नेमकी कशाची आहे, ते त्याच्या मागचापुढचा शब्द सांगतो.

थोडी पार्श्वभूमी लागेल. जुन्या मलय सल्तनतींत बेंदाहारा हा मुख्य वजीर, लक्समाना आरमाराचा प्रमुख, आणि पांग्लिमा म्हणजे माणसं घेऊन लढाईला जाणारा सरदार. त्याच्याकडे बरेचदा एखादा मुलूखही असे. मलेशियातल्या पेराक राज्यात किंता खोऱ्याचा सरदार तो ‘पांग्लिमा किंता’. तिथल्या इपोह शहरात गेलात तर नदीकाठी 1898 साली बांधलेली पांग्लिमा किंता मशीद दिसेल. पर्यटक जिथे गर्दी करतात ती ‘कॉन्क्युबाइन लेन’ची अरुंद गल्ली, तिचं पाटीवरचं नाव लोरोंग पांग्लिमा.

आता आजचे उपयोग. शब्दानंतर ‘सतिया महकोता’, ‘मांग्कू नगारा’, ‘जासा नगारा’ किंवा ‘सतिया दिराजा’ असं काही असेल तर तो मलेशियाच्या राजाने दिलेला सन्मान आहे, लष्कराशी संबंध असेलच असं नाही. पहिले दोन मिळालेला माणूस ‘तान स्री’ होतो, पुढचे दोन मिळालेला ‘दातुक’. गंमत अशी की इथे पांग्लिमा हा शब्द नावाआधी येतच नाही. नावाआधी येतं तान स्री, आणि पांग्लिमा नावानंतरच्या आद्याक्षरांत लपतो: पीएसएम, पीएमएन, पीजेएन, पीएसडी. दोघे तान स्री शेजारी बसवायचे असतील तर ही आद्याक्षरं कामी येतात, कारण पीएमएन हा पीएसएमच्या वरचा. कारखानदार असोत की डॉक्टर, बंदूक कधी हातात न धरलेले असे कितीतरी पांग्लिमा मी पहिल्या रांगेत बसवले आहेत.

अपवाद साबाह राज्याचा, आणि गोंधळ मुख्यतः तिथूनच येतो. तिथला ‘स्री पांग्लिमा दारजाह किनाबालू’ हा सन्मान मिळाला की नावाआधी ‘दातुक सरी पांग्लिमा’ असं पूर्ण लिहितात. 2020 मध्ये मुख्यमंत्री झालेले हाजीजी नूर यांचं नाव कार्डावर ‘दातुक सरी पांग्लिमा हाजी हाजीजी नूर’ असं येतं. ‘हाजी’ हज केल्याचं, ‘हाजीजी’ हे नाव. छापखान्याचा मुलगा एकच शब्द दोनदा आलाय समजून एक उडवायला निघतो, तेव्हा प्रूफ स्वतः बघा. ओळ कार्डात मावत नसेल तर अक्षर लहान करा किंवा मानपद वरच्या ओळीत आणि नाव खालच्या ओळीत घ्या. पांग्लिमा कापून नुसतं ‘दातुक सरी’ ठेवू नका. साबाहच्या पाहुण्याला ते कार्ड उचलताक्षणी कळतं.

क्रम असा: आधी ‘यांग बरबाहागिया’ हे आदरवचन, मग लष्करी हुद्दा किंवा ‘प्रोफेसर’, मग तान स्री किंवा दातुक, मग डॉक्टर, मग हाजी, मग नाव. आमदार-खासदार असतील तर आदरवचन ‘यांग बरहोर्मात’. केंद्राचा आणि राज्याचा असे दोन्ही किताब असले तर कार्डावर दोन्ही येतात, ‘तान स्री दातुक सरी’ असे. पण बोलताना वरचा एकच घ्यायचा. सूत्रसंचालकाने ‘तान स्री’ म्हणून थांबलं तरी चालतं, नुसत्या नावाने हाक मात्र मारू नये. तान स्रींच्या पत्नी ‘पुआन स्री’, दातुकांच्या पत्नी ‘दातीन’. बाईंना स्वतःला किताब मिळाला असेल तर त्यांच्या नवऱ्याला काहीच मिळत नाही, तो साधा ‘एन्चिक’च राहतो. मला व्यक्तिशः हा नियम फार आवडतो.

सैन्यातला पांग्लिमा ही वेगळी गोष्ट. तिथे ते पद आहे, हुद्दा नव्हे. मलेशियात तिन्ही दलांचे सर्वोच्च अधिकारी ‘पांग्लिमा आंग्काटान तन्तरा’, आणि भूदल, नौदल, हवाई दल यांचे प्रमुखही आपापले पांग्लिमा. इंडोनेशियात तसं नाही. तिथल्या भूदलाचा प्रमुख ‘कपाला स्टाफ’ म्हणवतो. पांग्लिमा म्हणजे अख्ख्या सैन्याचा सेनापती असू शकतो, किंवा एखाद्या कमांडचा प्रमुख. भूदलाच्या प्रादेशिक कमांडचा प्रमुख असेल तर तो सहसा मेजर जनरल असतो. म्हणून जकार्ताहून आलेल्या यादीत तीन पांग्लिमा दिसले तर तिघांना एका ओळीत बसवू नका, आधी हुद्दा बघा.

‘पांग्लिमा टीएनआय लक्समाना युदो मार्गोनो’ हे उदाहरण मी नेहमी शिकवायला घेते. 2022 च्या डिसेंबरपासून 2023 च्या नोव्हेंबरपर्यंत ते इंडोनेशियाचे सेनापती होते. यात पांग्लिमा ही खुर्ची, टीएनआय हे सैन्य आणि लक्समाना हा अ‍ॅडमिरलचा हुद्दा. खुर्ची गेली, हुद्दा राहिला. निवृत्त अधिकाऱ्याला पत्र लिहिताना म्हणूनच पांग्लिमा गाळायचा आणि हुद्दा ठेवायचा. मलेशियात अशा वेळी ‘बरसारा’, म्हणजे निवृत्त, असं कंसात जोडतात. एकालाच हे लागू नाही: सुदिरमान. 12 नोव्हेंबर 1945 रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी सहकारी अधिकाऱ्यांनी त्यांना सेनापती निवडलं. क्षयाने पोखरलेले असताना पालखीत बसून त्यांनी डच फौजांविरुद्ध गनिमी लढाई चालवली. त्यांना आजही ‘पांग्लिमा बसार’च म्हणतात.

‘केडी पांग्लिमा हितम’ असं कुठे वाचलंत तर जहाज शोधू नका, जरी केडी म्हणजे ‘कापाल दिराजा’, शाही जहाज, असलं तरी. तो लुमूतमधला मलेशियन नौदलाच्या कमांडो दलाचा तळ आहे. तळांच्या नावाआधीही केडी लावायची तिथे पद्धत आहे.

आणि आता माझा सगळ्यात लाडका पांग्लिमा, ज्याच्याकडे ना गणवेश ना बिल्ला. सुमात्राच्या टोकाला आचेहमध्ये ‘पांग्लिमा लाओत’ असतात, समुद्राचे पांग्लिमा. ही प्रथा सुलतान इस्कंदर मुदाच्या काळापर्यंत, म्हणजे 1607 ते 1636 पर्यंत मागे नेतात. तेव्हा समुद्रावरच्या लढाईसाठी माणसं गोळा करणं हे त्यांचं काम असे. आता ते मासेमारांचे पंच आहेत. होड्यांचे तांडेल मिळून आपल्या खाडीसाठी एकाला निवडतात. जाळ्यांवरून भांडण झालं, कुणी समुद्रात हरवला, तर आधी त्याच्याकडे जायचं. गुरुवारच्या सूर्यास्तापासून शुक्रवारचा नमाज होईपर्यंत होडी समुद्रात न्यायची नाही. ईद, 17 ऑगस्ट हा इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन आणि 2004 च्या त्सुनामीनंतर 26 डिसेंबर, हे दिवसही बंदीचे. नियम मोडला तर मासळी जप्त आणि होडी तीन ते सात दिवस किनाऱ्यावर. 2008 च्या आचेह प्रांताच्या कायद्याने या संस्थेला रीतसर मान्यता आहे, त्यामुळे मत्स्यव्यवसायाच्या परिषदेला हे पाहुणे म्हणून येतात. त्यांना हुद्दा जोडू नका, आणि जकार्ताच्या जनरलांशेजारी ‘लष्करी पाहुणे’ म्हणून तर मुळीच बसवू नका. कार्डावर पांग्लिमा लाओत, खाली त्यांच्या खाडीचं नाव, बस्स.

एवढं करूनही शंका उरली तर अंदाज बांधू नका, पाहुण्यांच्या कार्यालयात फोन करा. ‘नामा पनुह दान गलारान?’ म्हणजे पूर्ण नाव आणि किताब, एवढं विचारलं की सचिव बाई लगेच सांगतात, कारण हा प्रश्न त्यांना रोज येतो. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा आणि तेच जसंच्या तसं उचलून कार्डात टाका. ‘दातुक’ की ‘दातो’ हेसुद्धा ते लिहितात तसंच ठेवायचं, कारण तो फरक राज्याराज्याचा आहे आणि त्यावरून लोक खरोखर रुसतात.