घोड्याच्या साजावरची विलायती पितळी पदके : या चुका टाळा

विलायतेतील जुन्या वस्तूंच्या बाजारातून पितळी पदक घरी आणले की मराठी माणसाचा हात आपसूक चिंचेकडे जातो, आणि पहिली चूक तिथेच घडते. माझे पहिले पदक मी रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवले होते. सकाळी पाहतो तो पिवळी झळाळी जाऊन त्यावर तांब्यासारखी गुलाबी छटा उतरली होती. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आम्लात जस्त आधी विरघळते आणि पृष्ठभागावर तांबे उघडे पडते. देवघरातली समई चिंचेने घासून लगेच धुतली तर फारसे बिघडत नाही, कारण तिची झीज कुणी वाचायला बसत नाही. या पदकांचे वय मात्र बव्हंशी झिजेवरूनच ताडावे लागते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि लगेच कोरडे फडके, एवढे बहुतेक वेळा पुरते.

इंग्लंडमध्ये मालाचे गाडे आणि नांगर ओढणाऱ्या धिप्पाड घोड्यांच्या कपाळावर, तसेच छातीवरून पुढच्या पायांमधून पोटपट्ट्याकडे जाणाऱ्या चामडी पट्ट्यावर, तळहातात मावणारी ही पदके लटकत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही हौस भरास आली आणि मोटारलॉरी रुळल्यावर ओसरली. पुढे ही पदके घोड्यासाठी नव्हे, तर पबच्या भिंतींसाठी आणि पर्यटकांसाठी बनू लागली, आणि घेणारा फसतो तो बहुधा याच मालात.

पदकाची दर्शनी बाजू निरखून सौदा करणे ही दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे. पदक आधी उलटे करावे. जुन्या ओतीव पदकाच्या पाठीला दोन लहान खुंट्या ओतलेल्या असत. त्या शेगड्यात (धातू घट्ट धरणाऱ्या पकडीत) पकडून कारागीर पुढची बाजू कानशीने साफ करी आणि शेवटी त्या कापून घासून टाकी. त्यांचे दोन पुसट ठसे अनेकदा पाठीवर दिसतात. मात्र नकलेतही ते उमटू शकतात, म्हणून त्यानंतर वरच्या चौकोनी कडीकडे वळावे. वर्षानुवर्षे चामड्यावर घासून कडीची आतली कड गुळगुळीत आणि पातळ होते. पाठही घोड्याच्या हालचालीबरोबर साजावर घासून मऊ झालेली असते. पुढची नक्षी झिजलेली, पण पाठ खरखरीत आणि कडी धारदार असेल, तर ती झीज कानशीने आणलेली असण्याचा संशय घ्यावा. लोहचुंबक चिकटला तर पितळ केवळ मुलाम्याचे आहे.

पातळ, हलके पदक दिसले की ते नकली समजून बाजूला सारणे हीसुद्धा घाई होय, कारण साधारण १८८० पासून पत्र्यावर दाबून काढलेली पदकेही खऱ्या घोड्यांनी वागवली आहेत. उलट, पदकावर १८८७ किंवा १८९७ हे व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचे साल आहे म्हणून ते त्याच साली बनले, असे धरून चालू नये. साल हा नक्षीचाच भाग असल्याने तो नकलेतही येतो. सूर्य आणि चंद्रकोरीची पदके घोड्याला दृष्ट लागू नये म्हणून घालत, ही विक्रेत्याची कथा आपल्याला पटकन पटते. पण एकोणिसाव्या शतकातील पदकांचा तसल्या प्राचीन ताईतांशी अखंड धागा जोडणारा ठोस पुरावा नाही, तेव्हा कथेचे वेगळे पैसे मोजू नयेत.

अमोनिया असलेले पॉलिशही टाळावे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. तबेल्यांतील अमोनिया, दमट हवा आणि घडवताना धातूत राहिलेला ताण यांचा तो परिणाम होता. दाबून काढलेल्या पदकातही असा ताण शिल्लक असू शकतो.

पदक अजून मूळ पट्ट्यावर असेल, तर तिथल्या तिथे पॉलिश लावू नये, कारण ते टाक्यांत आणि चामड्याच्या भेगांत शिरून पांढरे, खडूसारखे वाळते आणि पुढे निघता निघत नाही. पितळ चामड्याला टेकते तिथे जमणारा हिरवा, मेणचट कळंक लाकडी दातकोरणीने हलकेच खरवडावा. पट्टा उसवून पदक सोडवण्याचा मोह आवरावा, आणि पदकाखाली पारदर्शक प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवून दोन्ही एकत्रच कोरड्या जागी ठेवावीत.