निक केव्हचा देव: श्रद्धेबद्दलचा दावा कसा तपासायचा

‘निक केव्ह पूर्वी नास्तिक होता; २०१५ मध्ये मुलगा गेल्यावर तो ख्रिश्चन झाला.’ थोड्याफार फरकाने हे वाक्य कच्च्या खर्ड्यांत हमखास सापडतं. केव्ह हा ऑस्ट्रेलियन गायक-गीतकार. परदेशी संगीतकारांवर मराठीत जो मजकूर तयार होतो, त्याची पडताळणी करणं हे माझं काम. या कामाला नव्याने लागणाऱ्यांना मी आधी हेच वाक्य तपासायला देते. त्यात एक दुःख आहे आणि त्या दुःखातून निघालेला अर्थ आहे. वाचणाऱ्याला ते लगेच पटतं, म्हणून त्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

आधी ते वाक्य फोडायचं. एका ओळीत चार दावे दडलेत. तो नास्तिक होता, हा पहिला. आता तो ख्रिश्चन आहे, हा दुसरा. बदल २०१५ नंतर झाला, हा तिसरा. आणि तो मुलाच्या मृत्यूमुळे झाला, हा चौथा. चौघांना वेगवेगळे पुरावे लागतात आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. नवखी मंडळी चारही दावे एकदम सर्च इंजिनात टाकतात, वरची दोन पानं वाचतात आणि समोर ‘बरोबर’ अशी खूण करतात. त्या दोन पानांनी एकमेकांवरूनच उचललेलं असू शकतं. म्हणून वर्षावार शोधा. १९९६ मध्ये तो काय म्हणाला, १९९८ मध्ये काय, २०१० मध्ये काय. शोध कालक्रमाने लावला की निम्मं काम तिथेच होतं.

(केव्हला ‘गॉथिक रॉक’च्या, म्हणजे काळोख्या, उदास वळणाच्या रॉक संगीताच्या खणात ठेवायचं का, हा आणखी एक वाद. ‘द बर्थडे पार्टी’ या त्याच्या बँडचं १९८१ चं ‘रिलीज द बॅट्स’ गॉथ मंडळींनी डोक्यावर घेतलं, पण तो शिक्का त्याने कधी आनंदाने मिरवलेला नाही. मी खर्ड्यात ‘गॉथिक रॉकशी नाव जोडलं गेलेला’ असं लिहायला लावते.)

आता पहिला दावा. केव्हचा जन्म १९५७ चा, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या वॅरॅकनाबील गावचा. लहानपण गेलं वँगरॅटात, आणि तिथल्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) कॅथीड्रलच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, तो गायचा. म्हणजे लहानपणी तो श्रद्धाळू होता? नाही. कॉयरमध्ये गायचा, एवढंच. कोणत्या घरात वाढला आणि मोठेपणी काय मानतो, या दोन गोष्टींची नोंद कायम वेगळ्या रकान्यात ठेवा. पुढे ऐंशीच्या दशकात बायबलच्या जुन्या करारातला कोपिष्ट, सूड घेणारा देव त्याच्या गाण्यांत सगळीकडे दिसतो. १९८९ च्या त्याच्या कादंबरीचं शीर्षकच जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातून आलंय. हे सगळं पक्कं आहे. पण यातून तो नास्तिक होता असंही सिद्ध होत नाही आणि आस्तिक होता असंही नाही. एका लेखकाला एक पुस्तक झपाटून टाकत होतं, इतकंच यातून कळतं.

खरा ऐवज पुढे आहे. १९९६ मध्ये बीबीसी रेडिओ ३ साठी त्याने एक भाषण केलं. त्यात बायबल, ख्रिस्त आणि स्वतःचं गीतलेखन यांचं नातं तो उलगडतो, आणि ख्रिस्ताला थेट सर्जनशील कल्पनाशक्तीशी जोडतो. १९९८ मध्ये स्कॉटलंडच्या कॅनॉनगेट प्रकाशनाने बायबलमधली पुस्तकं सुटी छापली आणि प्रत्येकाला एका लेखकाची प्रस्तावना घेतली. नव्या करारातल्या, ख्रिस्ताचं चरित्र सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानाची प्रस्तावना केव्हची आहे. तरुणपणी आपल्याला जुना करारच कसा ओढत होता, मग एका अँग्लिकन व्हिकरने, म्हणजे धर्मगुरूने, मार्क वाचायला कसं सुचवलं आणि त्यातला एकाकी, बेचैन ख्रिस्त कसा भिडला, हे तो स्वतः सांगतो. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने ही प्रस्तावना मुळातून वाचावी असा माझा आग्रह असतो. ती छोटी आहे, सही त्याची आहे आणि मधे मुलाखतकार नाही. आणि तिचं साल पाहा. मुलाच्या मृत्यूच्या सतरा वर्षं आधी हा माणूस ख्रिस्तावर जाहीरपणे लिहितोय. तिसरा दावा, निदान खर्ड्यातल्या रूपात, इथेच कोसळतो.

मधल्या काळातलं एक गाणं मात्र सगळ्यांना खड्ड्यात घालतं. १९९७ च्या ‘इन्टू माय आर्म्स’ची सुरुवातच अशी आहे की माणसाच्या कारभारात हात घालणाऱ्या देवावर गाणाऱ्याचा विश्वास नाही. ही ओळ ‘केव्ह नास्तिक होता’ याचा पुरावा म्हणून सर्रास दिली जाते. एक तर ती ओळ विशिष्ट प्रकारच्या देवाबद्दल आहे, आणि गाणं पुढे प्रार्थनेकडेच वळतं. दुसरं म्हणजे गाण्यातला ‘मी’ हा गाण्यातला ‘मी’ असतो. आदल्याच वर्षी, १९९६ मध्ये, याच माणसाने खुनांच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला होता. त्याबद्दल त्याची चौकशी करावी असं कुणालाही वाटलं नाही. मग देवाबद्दलची ओळ तेवढी प्रतिज्ञापत्र कशी ठरते?

नंतरची दोन विधानं जोडीने वाचायला हवीत. २००९ मध्ये व्यक्तिरूप देव मानतोस का, असं विचारल्यावर त्याने ‘नाही’ म्हटल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी तो म्हणाला की मी धार्मिक नाही, ख्रिश्चनही नाही, पण देव असू शकतो हे मानायचा हक्क मी राखून ठेवतो. उत्साही लेखक यातून वर्षभरात मत पालटल्याची बातमी काढतात. प्रश्न पाहिले की ती बातमी उरत नाही. पहिल्या वेळी व्यक्तिरूप देवाबद्दल विचारलं होतं. दुसऱ्या वेळी तो शक्यतेबद्दल बोलतोय. दोन्ही उत्तरं एकाच माणसाची, एकाच दिवशीचीसुद्धा असू शकतात. म्हणून उत्तर टिपताना प्रश्न टिपल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि मथळा तर कधीच टिपू नका. तो मुलाखत देणाऱ्याचा नसतो, बहुतेकदा घेणाऱ्याचाही नसतो, डेस्कवरच्या माणसाचा असतो.

आता चौथा दावा, मुलाचा. आर्थर १५ वर्षांचा होता. जुलै २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या कड्यावरून पडून तो गेला. २०१८ पासून केव्ह ‘द रेड हँड फाइल्स’ या आपल्या वेबसाइटवर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देऊ लागला, आणि त्यांत शोक, प्रार्थना, संशय हे विषय वारंवार येतात. २०२२ मध्ये पत्रकार शॉन ओहेगन यांच्याशी झालेल्या दीर्घ संवादांचं पुस्तक आलं. तिथे तो शोकाबद्दल आणि धर्माशी आपलं नातं कसं बदलत गेलं याबद्दल सविस्तर बोलतो. म्हणजे कारणाचा दावा अगदीच हवेत नाही. पण कारण हे ज्याचं त्यानेच सांगायचं असतं. ‘मृत्यूनंतर या विषयावर तो अधिक मोकळेपणाने बोलू लागला’ हे आपण आपल्या जबाबदारीवर लिहू शकतो. ‘मृत्यूमुळे ख्रिश्चन झाला’ हे नाही. आधी एक घडलं आणि नंतर दुसरं, तेवढ्यावर ‘मुळे’ हा शब्द लावायचा नाही.

दुसरा दावा, ‘आता ख्रिश्चन आहे’, यात मराठी लेखक-वाचकांची एक खास अडचण मला दिसते. धर्म बदलणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येवला आणि नागपूर येतं. १९३५ मध्ये बाबासाहेबांची जाहीर घोषणा, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा. तारीख आहे, जागा आहे, प्रतिज्ञा आहेत. तिथे ‘कधी?’ या प्रश्नाला उत्तर आहे. केव्हसारख्या माणसाच्या बाबतीत तसा दिवस शोधत बसलात तर सापडणार नाही, आणि न सापडल्यामुळे हात शिवशिवून एखादं साल तुम्हीच बसवाल. मे २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाला तो वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत हजर होता, तीच तारीख एखाद्याला पुरते. निमंत्रण ऑस्ट्रेलियातर्फे होतं, सोहळा राजाचा होता. चर्चच्या इमारतीत असणं हा श्रद्धेचा पुरावा नव्हे.

मग स्वतः त्या माणसाचा शब्द अंतिम धरायचा का? श्रद्धेबाबत, हो. तारखांबाबत, मुळीच नाही. याच केव्हने नव्वदीच्या अखेरीस प्रेमगीतावर दिलेल्या व्याख्यानात सांगितलं की मी १९ वर्षांचा असताना वडील अचानक गेले. त्याच्याबद्दलच्या इतर लेखनात तेव्हाचं वय २१ दिलेलं आहे. इथे तो खोटं बोलत होता असं समजायचं कारण नाही. आपण किती वर्षांचे होतो, हे आठवताना घसरणं स्वाभाविक आहे आणि वडिलांच्या अपघाती मृत्यूची नोंद बाहेर कुठेतरी असते. देवाबद्दल काय वाटतं याची नोंद मात्र त्याच्याखेरीज कुणाकडेच नाही. त्यामुळे एकच साक्षीदार एका प्रश्नाला सर्वोत्तम आणि दुसऱ्याला कच्चा असू शकतो. हे उमगलं की या कामातली अर्धी भांडणं मिटतात.

प्रत्यक्ष वहीत काय लिहायचं, तर विधान, तारीख, कुणाला सांगितलं, प्रश्न काय होता, आणि मी ते मुळात वाचलं की दुसऱ्याच्या लेखात. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि नेमका तोच महत्त्वाचा. एखाद्या ऑनलाइन कोशातलं वाक्य लेखात जातं, मग तोच लेख कोशात आधार म्हणून येतो, असं वर्तुळ याच रकान्यात पकडता येतं. कोशातल्या नोंदीचा इतिहास उघडा, वाक्य कोणत्या दिवशी घातलं ते पाहा आणि लेखाच्या तारखेशी ताडून बघा. लेख नंतरचा निघाला तर तो आधार म्हणून बाद. मुलाखतीचं मूळ पान गायब असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात जुनी प्रत शोधा. मासिकांची जुनी अंकचित्रं मिळाली तर त्याहून उत्तम, कारण पुढच्या आवृत्त्यांत वाक्यं छाटली जातात.

क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘आहे’ हे सर्वांत महाग क्रियापद. ‘म्हणाला’ स्वस्त आणि टिकाऊ. ‘कबूल केलं’ तर वापरूच नका, जणू काही गुन्हाच होता.

केव्हवर हात बसला की बाऊहाउस या गॉथिक रॉक बँडच्या पीटर मर्फीकडे वळा. तो आयरिश कॅथलिक घरात वाढला, नव्वदीत तुर्कस्तानात राहायला गेला, पत्नी तुर्की, आणि २००२ चा त्याचा अल्बम मर्जान देदे या सूफी वळणाच्या तुर्की संगीतकारासोबत झालेला. खर्डे लिहिणारे घर, बायको आणि अल्बम यांची बेरीज करून धर्म काढतात. गंमत म्हणजे मर्फी इस्लाम आणि सूफी विचाराबद्दल स्वतः मुलाखतींत बोललेला आहे, त्यामुळे बेरजेची गरजच नाही. निष्कर्ष कदाचित तोच येईल, तरी मी तो खर्डा परत पाठवते. ‘द मिशन’ या बँडचा वेन हसी मॉर्मन (अमेरिकेत जन्मलेला एक ख्रिस्ती पंथ) घरात वाढला. तिथे उलटी चूक होते. बालपणीचा धर्म त्याच्या नावापुढे वर्तमानकाळात चिकटवला जातो.

माणूस हयात असेल तर वाक्याला काळाची मर्यादा घालून द्या: ‘२०२२ च्या पुस्तकात तो म्हणतो’. आणि आधार जर एखाद्या जुन्या सहकाऱ्याने किंवा नातेवाइकाने खाजगीत सांगितलेल्या गोष्टीचा असेल, तर ती खरी वाटली तरी छापायची नाही. वहीत ठेवा, शेजारी कारण लिहा. पुढे तो स्वतः बोलला तर जागा तयार असेल.