सोडलेला कॅम्पर ट्रेलर घरच्या घरी हलवताना

गाडीपासून सोडलेला कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, अंगणात सरकवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, माणसं किती लागतील? मी आधी विचारते, तो थांबणार कशाने? सपाट काँक्रीटवर १२०० किलोचा ट्रेलर चालता ठेवायला १५ ते २० किलोचा जोर पुरतो. निघताना थोडा जास्त लागतो, इतकंच. पण ५ टक्के उतारावर तोच ट्रेलर स्वतःच ६० किलोच्या ओढीने खाली जाऊ पाहतो, आणि एकदा वेग धरला की माणसाच्या हाताने तो अडत नाही.

म्हणून ढकलण्याआधी उतार मोजा. डोळ्यांना सपाट दिसणारी जागाही फसवते. एक मीटर लांबीची सरळ फळी उताराच्या दिशेने जमिनीवर ठेवा, वर पाणसळ ठेवा आणि खालच्या बाजूचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला. टोकाखाली जितके सेंटीमीटर अंतर राहील, तितके टक्के उतार. २ टक्क्यांपर्यंत मी आणि माझी बहीण हाताने हलवतो. त्यापुढे अजिबात नाही, मग मदतीला कितीही माणसं उभी असोत.

चाकांना पाचरी लावलेल्या असतानाच बाकीची तयारी उरका. पाण्याची टाकी रिकामी करा. एक लिटर म्हणजे एक किलो. गॅस बंद, वीज आणि पाण्याच्या जोडण्या काढलेल्या, कोपऱ्यांचे आधार पूर्ण वर घेतलेले. टायरमधली हवा बघा, कारण मऊ टायर जोर खातो. पुढचं छोटं जॉकी व्हील मात्र खडीत किंवा ओल्या हिरवळीत हमखास रुततं. त्याच्या वाटेवर १८ मिलिमीटर प्लायवूडच्या दोन पट्ट्या टाका. एकीवरून चाक पुढे गेलं की मागची उचलून पुढे ठेवायची.

आता पाचर. आम्हा दोघींमध्ये एक जण दांड्याशी, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्याशी, असते आणि दुसरी पाचर हातात धरून चाकाच्या बाजूने चालते, चाकाच्या पुढे किंवा मागे कधीच नाही. तिचं काम ढकलण्याचं नाही. "थांब" हा एकच शब्द ठरलेला. तो कुणीही उच्चारला की पाचर चाकाखाली जाते. ट्रेलर आणि भिंत यांच्या मधल्या फटीत कुणी उभं राहायचं नाही. मुलं आणि कुत्री घरात.

एकट्या हँडब्रेकवर विसंबू नका. युरोपीय धाटणीच्या ट्रेलरमध्ये मागे ढकलताना ब्रेक आपोआप सैल होण्याची सोय असते, त्यामुळे हँडब्रेक ओढल्यावरही तो थोडा मागे सरकून मग धरतो. अमेरिकी धाटणीच्या बऱ्याच ट्रेलरना हँडब्रेकच नसतो. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी जी आणीबाणीची पिन असते, ती ओढून ट्रेलर उभा ठेवायचा नसतो. बॅटरी संपली की पकडही संपते.

ढकलायचं ते दांड्याला किंवा चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला. भिंतींचा पातळ पत्रा हाताच्या दाबाने दबतो, आणि दारालगतची मूठ माणसाला आत चढायला दिलेली असते. वळवताना दांडा डावीकडे नेला की ट्रेलरचं मागचं टोक उजवीकडे जातं, आणि ते भिंतीला किंवा कुंपणाला घासायच्या बेतात आहे हे दांड्याशी उभ्या माणसाला दिसत नाही. दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर जागेवर वळवायला फार जड जातो, टायर आडवे घासतात. त्याला लांब वळण द्या.

दांडा हाताने उचलू नका. अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार तिथे असतो, म्हणजे १२०० किलोच्या ट्रेलरला किमान १२० किलो. त्यासाठी दोन चाकांची ट्रेलर डॉली चांगली. विकत घेताना तिची भार पेलण्याची मर्यादा आणि तिच्या जोडणीच्या गोळ्याचं (बॉलचं) माप दांड्याच्या टोकाच्या कपलरशी, म्हणजे त्या गोळ्यावर बसणाऱ्या खोबणीशी, जुळतं का ते पाहा. ५० मिलिमीटर आणि २ इंच ही मापं वेगवेगळी आहेत. डॉलीला सहसा ब्रेक नसतो, त्यामुळे तीही सपाट जागेपुरतीच.

चढ असेल तर विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारं यंत्र. दोर चासीला बांधा, दुसरं टोक पक्क्या नांगराला, म्हणजे ओढीने न हलणाऱ्या आधाराला. ओसरीचा खांब हा नांगर नव्हे. दोराच्या रेषेत उभं राहू नका, आणि ट्रेलर हातभर वर सरकला की पाचर चाकामागे सरकवत राहा. वारंवार हलवायचा असेल तर विजेवर चालणारा मूव्हर बसवून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे: त्याचे रोलर टायरला दाबून चाकं फिरवतात, बटण सोडलं की ट्रेलर थांबतो. बॅटरी भरलेली ठेवा, आणि रस्त्यावर नेण्याआधी रोलर टायरपासून सोडवायला विसरू नका.

जागेवर आल्यावर दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून पाचरी ठोका, मग जॉकी व्हीलने समतल करा आणि त्याची पकड आवळा. कोपऱ्यांचे आधार सर्वांत शेवटी, फक्त जमिनीला घट्ट टेकतील इतपत खाली. ट्रेलर उचलण्यासाठी ते बनवलेले नाहीत.