आईची शुगर मुलाच्या नावावर: आभा आणि आरोग्य ॲप वापरताना या चुका टाळा

घरात स्मार्टफोन सफाईने चालवणारा एकच असतो आणि डॉक्टर लागणारे चौघं. मग आईची अपॉइंटमेंट मुलाच्या लॉगिनवरून, बाबांच्या गोळ्या सुनेच्या ॲपवरून, असं सर्रास चालतं. विजेचं बिल भरताना याने काही बिघडत नाही, आरोग्याच्या नोंदींत बिघडतं. ‘पेशंट कोण?’ या प्रश्नापुढे बऱ्याच ॲपमध्ये ‘स्वतः’ आधीच निवडलेलं असतं. घाईत तेच राहतं आणि आईचं प्रिस्क्रिप्शन मुलाच्या नावा-वयाने निघतं. औषधाच्या दुकानात कुणी अडवलं तर सुदैवच म्हणायचं. ॲप काही अडवत नाही, ते मुलालाच शुगर तपासायची आठवण करत राहतं.

तेव्हा सदस्य जोडून प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा. गोंधळ आधीच झाला असेल तर प्रोफाइलवरचं नाव बदलून मोकळे होऊ नका. तसं केलं की मुलाच्या जुन्या नोंदीही आईच्या होऊन बसतात. आईचं नवं प्रोफाइल काढा, डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शन योग्य नावाने पुन्हा घ्या आणि चुकीची नोंद काढून टाका.

आभा आहे, पण रिपोर्ट दिसत नाहीत

ही तक्रार नेहमीची. आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, सरकारच्या डिजिटल आरोग्य व्यवस्थेतला तुमचा १४ अंकी क्रमांक. तो काढला की आजवरचे सगळे रिपोर्ट आपोआप गोळा होतील, असा समज असतो. तसं होत नाही. नोंदी त्या-त्या हॉस्पिटलकडे किंवा लॅबकडेच राहतात. ती जागा या व्यवस्थेला जोडलेली हवी आणि तिथली तुमची नोंद आभाशी लिंक व्हायला हवी.

लिंक करताना तुमचं नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल नंबर हॉस्पिटलच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. घोडं अडतं ते इथे. आधारवर माहेरचं नाव आणि केसपेपरवर सासरचं, हे आपल्याकडे घरोघरी. शिवाय शाळेत गुरुजींनी १ जून टाकून दिलेली जन्मतारीख एकीकडे आणि काउंटरवर अंदाजाने सांगितलेलं वय दुसरीकडे. हॉस्पिटलच्या नोंदीत जुना किंवा ड्रायव्हरचा नंबर असला, तर लिंकिंगचा ओटीपीही तिकडेच जाणार. अशा वेळी ॲप काढून पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. केसपेपर घेऊन नोंदणीच्या खिडकीवर जा, नाव, वय आणि मोबाइल दुरुस्त करून घ्या, मग पुन्हा लिंक करा. चूक आधारवरच असेल, तर आधी आधार दुरुस्त करा.

‘मी आभा काढलंच नाही, तरी आहे म्हणतंय’ असंही होतं. कोविड लशीच्या वेळी आधार दाखवलेल्या अनेकांची हेल्थ आयडी तेव्हाच तयार झाली. तेच नंतर आभा झालं. आधारने लॉगिन करून जुना क्रमांक शोधा. आणि आभा म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे. ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं ते कार्ड वेगळं, त्याची पात्रताही वेगळी.

संमती न वाचता ‘हो’

एखादं हॉस्पिटल किंवा ॲप तुमच्या नोंदी मागतं, तेव्हा कसल्या नोंदी, कुठल्या तारखांच्या आणि किती दिवसांसाठी, हे स्क्रीनवर लिहिलेलं असतं. गुडघेदुखीसाठी गेलात आणि मागितलं गेलं सगळं, तर प्रकार आणि मुदत कमी करूनच मंजुरी द्या. दिलेली संमती नंतर रद्दही करता येते, मात्र तोवर पाहिलेलं न पाहिलेलं होत नाही.

बाकी ॲलर्जी आणि चालू गोळ्या यांची यादी दर वेळी डॉक्टरांकडून आल्यावर बदलत जा. बंद झालेल्या बीपीच्या गोळीची आठवण ॲप इमानेइतबारे देत राहतं, आणि कुणीतरी ती घेतंही! पावलं मोजणारा फोन दिवसभर नातवाकडे असेल, तर आजोबांच्या चालण्याचा आकडा कौतुकाने डॉक्टरांना दाखवू नका.

सिम बदलणार असाल, तर जुना नंबर चालू असतानाच आभा, हॉस्पिटल आणि लॅब या तिन्ही ठिकाणी नवा टाका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो.