बंद गॅरेजमधली एमजीबी घेताय? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये जुन्या स्पोर्ट्सकारच्या जाहिराती चाळायला लागलं की एक वाक्य हटकून भेटतं : ‘उभी केली तेव्हा चालू होती.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण चालू गाडी कुणी उभी का करून ठेवेल, हे जाहिरातीत नसतं. एमओटीत, म्हणजे तिथल्या वार्षिक तपासणीत, गाडी नापास झाली, वेल्डिंगचा आकडा ऐकून मालकाने हात टेकले आणि ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ म्हणून गॅरेजचं दार लावलं. मधे वीस उन्हाळे गेले. धूळ पुसली की आज दिसते ती नापास झालेलीच गाडी, वर वीस वर्षांची ओल.

एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची दोन सीटची स्पोर्ट्सकार, धरून बोलतो, कारण अशा अवस्थेत सगळ्यात जास्त सापडते तीच. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि लोक फसतात ते इथेच. सगळं मिळतंय म्हणजे सगळं परवडेल असं धरून चालतात.

इंजिन बघून भाव ठरवणं

ही सगळ्यात महागडी चूक. बघायला जाणारा आधी बॉनेट उघडतो. इंजिन जाम आहे म्हटलं की घाबरतो, फिरतंय म्हटलं की खूश होतो. खरं तर १७९८ सीसीचं हे ओतीव लोखंडी इंजिन या गाडीचा सगळ्यात सोपा भाग आहे. ते उतरवता येतं, उघडता येतं, गरज पडली तर दुसरं बसवता येतं.

पैसे खातो तो पत्रा. आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती, एमजीबीला नाही. बॉडी हीच तिची चासी. त्यात रोडस्टरला वर छत नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवायचं काम मुख्यतः दाराखालच्या सिल्सवर येतं. सिल म्हणजे बाहेरून दिसते ती एक पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली पन्हळीसारखी वळवलेली पट्टी, असा तो थरांचा डबा आहे. ब्रिटनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. ते खारं पाणी एकदा या डब्यात शिरलं की पत्रा आतून कुजत जातो आणि बाहेरचा रंग चकचकीत राहतो.

म्हणून बॉनेटला हात लावायच्या आधी दारापाशी उकिडवे बसा. दार आणि मागचा पत्रा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर निमुळती होत असेल तर बॉडी मधे खचली आहे. दार उघडलं की किंचित खाली येतंय का, बंद करताना उचलून लावावं लागतंय का, तेही बघा. मग विचारून एका बाजूने जॅक लावा. चाक जमिनीवरून सुटेपर्यंत फट हलता कामा नये. जॅकच पत्र्यात रुतायला लागला तर तिथेच थांबा, आणखी काही तपासायची गरज नाही.

थातूरमातूर दुरुस्ती ओळखायची एक खूण आहे. या गाडीचे पुढचे मडगार्ड मुळात बोल्टने बसवलेले असतात आणि सिल त्यांच्या आतपर्यंत जातो. नीट काम करायचं तर मडगार्ड काढावं लागतं, मागे पत्रा कापावा लागतो. घाईचा कारागीर दिसतो तेवढाच सिल कापून कुजक्या पत्र्यावर नवी पट्टी डकवतो. मडगार्डचं खालचं टोक आणि सिल वेल्डिंगने किंवा पुट्टीने एकजीव झाले असतील तर असंच झालंय असं समजा. खिशात छोटा लोहचुंबक असू द्या. पुट्टीवर तो चिकटत नाही. खालून ताजं काळंभोर अंडरसील, म्हणजे गंजरोधक लेप, मारलेलं दिसलं तर माझा संशय दुप्पट होतो. वीस वर्षं न हललेल्या गाडीला गेल्या महिन्यात अंडरसील कशासाठी?

बाकीच्या जागा पटकन : सीटमागचे बॅटरीचे कप्पे (१९७४ पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, नंतर बारा व्होल्टची एक), मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हॅंगर, पायाखालचे गालिचे उचलून फ्लोअर, आणि पेट्रोलची टाकी. टाकी वरून गंजते, कारण डिकीचा तळ आणि टाकी यांच्यामधल्या फटीत चिखल साचून राहतो. खालून बघून ‘टाकी ठीक’ म्हणू नका.

पत्राकाम पूर्ण करायचं झालं तर खर्च तयार, चांगल्या गाडीच्या किमतीपुढे सहज जातो. १९८८ पासून मूळ साच्यांवर नवी बॉडीसुद्धा मिळू लागली, पण ती स्वस्त नाही.

तिथल्या तिथे स्टार्टर मारणं

‘नवी बॅटरी लावतो, बघा लगेच सुरू होते की नाही,’ असं मालक उत्साहाने म्हणतो. नको म्हणा. सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, पिस्टनच्या रिंगा गंजाने धरलेल्या असू शकतात. अशात जोर लावला तर हाताने सुटणारं इंजिन कायमचं ओरखडतं. आधी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळूच पुढेमागे ढकला. इंजिन फिरतंय असं दिसलं की ऑइल आणि फिल्टर बदला, प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर फिरवा. ऑइल प्रेशरचा काटा उठला की मगच प्लग आणि पेट्रोल.

टाकीतलं जुनं पेट्रोल आधी पूर्ण काढायचं. त्याचा वार्निशसारखा वास येत असेल तर ते कार्ब्युरेटरमध्येही चिकटून बसलेलं असणार. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरचे पिस्टन बोटाने उचलून सोडा. टक् आवाज करत ते खाली बसायला हवेत. किल्ली फिरवल्यावर मागून पंपाची टकटक ऐकू येत नसेल तर त्याचे पॉइंट चिकटलेत. पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकलं की पंप बरेचदा सुरू होतो. पण त्या भरवशावर प्रवासाला निघू नये.

नवं पेट्रोल भरतानाही जरा थांबा. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनच्या पंपांवर साधं पेट्रोल म्हणजे ई-१०, त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. आपल्याकडे ई-२० वरून जी धास्ती आहे तीच इथेही लागू पडते : जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात, चिरतात. पाइप बदला आणि ई-५ मिळणारं महागडं सुपर भरा. गाडी २००० च्या आधीपासून उभी असेल तर ती शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली. शिसं व्हॉल्व्ह सीटची झीज रोखायचं, आता ते पेट्रोलमध्ये नाही, आणि हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या नसण्याचीच शक्यता जास्त. त्यासाठी लगेच हेड उतरवायला नको, उतरेल तेव्हा हे काम करून घ्या. तोवर पेट्रोलमध्ये योग्य अ‍ॅडिटिव्ह घालत जा.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असते. पेडल दाबून लाकडाची अडण लावून रात्रभर ठेवलं तर कधी कधी सुटते. नाही सुटली तर इंजिन बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. हे गृहीत धरूनच भाव करा.

चालवत घरी आणणं

इंजिन सुरू झालं, आता काय, दहा मैल तर जायचंय! हा मोह फार वाईट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आतून सिलिंडर गंजतात. पुढचे कॅलिपर धरून बसतात. रबरी नळ्या बाहेरून ठणठणीत दिसतात पण आतून सुजतात. मग ब्रेक लागतो तो सुटतच नाही. हॅंडब्रेक लावून ठेवलेली असेल तर मागचे शू ड्रमला चिकटलेले असतात. टायरवर भरपूर नक्षी शिल्लक असली तरी त्याचं वय बघा. बाजूवरच्या कोडचा शेवट चार आकड्यांऐवजी तीनच आकड्यांचा असेल तर टायर २००० च्या आधीचा आहे. ट्रेलर भाड्याने घ्या.

तारांची चाकं असतील तर एकेक चाक उचलून, दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबायला सांगून, पुढेमागे हलवून बघा. खट् आवाज आला तर हबच्या खाचा झिजल्यात. स्पोक बदलून तो आवाज जात नाही.

बॅटरी उलटी लावणं

१९६७ च्या अखेरीस मार्क टू, म्हणजे सुधारित दुसरी आवृत्ती, येईपर्यंत या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. सवयीने ऋण टोक बॉडीला लावलं की भलतंच काही जळतं. काहींनी मधल्या काळात वायरिंग बदलूनही घेतलेलं असतं, त्यामुळे केवळ सालावर विसंबू नका. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगवर ब्रिटनमध्ये भरपूर विनोद चालतात, पण उभ्या गाडीत दोष बहुधा कळकलेल्या जोडांचा आणि अर्थचा निघतो. ते घासून घ्या, मगच नवे भाग मागवा. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील तर मात्र पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगाच, बदला.

कागद नंतर बघू म्हणणं

मैलांचा आकडा पाचच अंकी असतो. अडतीस हजार दिसले तर ते एक लाख अडतीस हजारही असू शकतात. व्ही-५-सी हे नोंदणीपत्र आपल्या आरसी बुकासारखं दिसलं तरी ते मालकीचा पुरावा नाही, तसं त्यावरच छापलेलं असतं. वडील वारले म्हणून मुलगा गाडी विकत असेल तर विकण्याचा अधिकार खरोखर त्याच्याकडेच आहे का, हे पैसे देण्याआधी विचारायला संकोचू नका. नंबर प्लेट, चासी नंबर आणि कागद जुळवा. एमओटीचा २००५ पासूनचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. शेवटची तपासणी नापास असेल तर कारण वाचा. गाडी २००५ च्या आधीपासून उभी असेल तर जुने कागदी दाखले मागा. ‘कॉरोजन’ हा शब्द त्यांत किती वेळा आणि कुठल्या भागापुढे येतो ते बघा.

चाळीस वर्षांपुढच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना एमओटी मे २०१८ पासून सक्तीची नाही. विक्रेते हे मोठ्या अभिमानाने सांगतात. सक्ती नसली तरी स्वखुशीने करून घेता येते, आणि वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीची तर करायलाच हवी. रस्त्यावर न आणता ठेवायची असेल तर सॉर्नची, म्हणजे गाडी रस्त्यावर नसल्याची सरकारी नोंद तुमच्या नावाने नव्याने करावी लागते. आधीच्या मालकाची चालत नाही.