रानकेळ लावायची तर पावसाआधी काय काय तयार हवं

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात जी केळ दिसते, ती रानकेळ. कुठे तिला कवदर म्हणतात, कुठे चवेणी. शास्त्रीय नाव एन्सेटे सुपर्बम. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी तिला आपल्या नेहमीच्या केळीच्या, म्हणजे मुसा या, प्रजातीत घातलं होतं. १९४० च्या दशकात चीझमन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला एन्सेटे या वेगळ्या प्रजातीत नेलं. लावणाऱ्याच्या दृष्टीने यातला फरक मोठा आहे, कारण हिला मुनवे, म्हणजे बुंध्याशी येणारी पिल्लं, फुटत नाहीत. आयुष्यात एकदाच फुलते, घड पिकला की मरते, आणि मागे राहतं ते फक्त बी. म्हणून डोंगरातून रोप उपटून आणायचा विचार आधी मनातून काढून टाका.

पहिली तयारी बियांची. अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही. ज्यांच्या बांधावर किंवा परसात रानकेळ आहे, त्यांच्याकडे घडाची चौकशी आधीच करून ठेवा. घड झाडावरच पिकू द्यावा. फळात गर नावालाच, बाकी सगळं काळपट, टणक बी. गर चोळून धुवा, बी सावलीत सुकवा आणि फार दिवस ठेवून देऊ नका. बी हातात घेऊन नीट बघा: एका बाजूला खोलगट खळगा दिसेल. अंकुर त्या बाजूने येतो. कवच पातळ करायला बी घासणार असाल तर ती बाजू सोडून घासा. मी तर घासतच नाही. दोन दिवस कोमट पाण्यात भिजवायचं आणि पाणी रोज बदलायचं, एवढं पुरतं.

उन्हाळ्यातच पिशव्या भरून ठेवा. निम्मी जाडसर वाळू, बाकी पोयटा आणि मुरलेलं शेणखत. पिशवी खोल हवी, कारण खाली कंद धरतो. बी बोटाच्या पेराएवढं खोल टोचा, माती ओलसर ठेवा, चिखल नको. दिवसा ऊब आणि रात्री थोडा गारवा मिळेल अशी जागा चांगली. आता धीर धरायचा. एकाच घडातलं एखादं बी महिन्याभरात उगवतं, तर दुसरं कित्येक महिने हलत नाही. त्यामुळे न उगवलेली पिशवी रिकामी करायची घाई नको. उंदरांपासून जपायला वर जाळी टाका.

जागा निवडताना कड्यावरची रानकेळ आठवा: उतार, दगडगोटे, पाणी न थांबणारी जमीन. सपाट अंगणात लावायची तर खड्ड्यात दगडविटांचे तुकडे घालून मातीचा उंचवटा करा. ऊन भरपूर हवं, सोसाट्याचा वारा नको, पानं फाटतात. बुंधा तळाशी चांगलाच फुगतो, म्हणून दोन झाडांत आठ-दहा फूट सोडा. गच्चीवर मोठा ड्रम चालतो, पण तळाला भोकं हवीतच. रोप जमिनीत जाईल ते पाऊस नीट लागल्यावर.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पहिल्या हिवाळ्यात, आणि तीही मायेने. पाऊस संपला की पानं पिवळी पडून वाळतात, वर काहीच उरत नाही. मग माणूस घाबरून पाणी घालत राहतो आणि खालचा कंद कुजतो. कंद जिवंत असतो, नुसता झोपलेला. पानं वाळू लागली की पाणी तोडा. जागा विसरू नये म्हणून भोवती दगडांचं आळं करून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात कुदळ तिथेच पडते. रानडुकरांचा वावर असेल तर काटेरी कुंपण याच काळात हवं. पहिल्या पावसांनंतर कोंब वर येतो. तेव्हा मूठभर शेणखत द्या.

फुलायला बरीच वर्षं लागतात. केळफूल आलं की घरात भाजीची चर्चा होणारच. भाजी चांगली होते हे खरं, पण फूल कापलं की त्या झाडाचं बी गेलं. निदान पहिल्या झाडाचा घड राखा, वटवाघळांना फुलावर येऊ द्या, आणि बी वाटायला कागदी पाकिटं तयार ठेवा. पाकिटावर गाव आणि महिना लिहा.